ईडिपस करतोय. कोरस ठेवायचा की कापायचा?

सातवी_गल्ली

नमस्कार. आमचा कोल्हापुरात राजारामपुरीतला हौशी नाट्यगट आहे. बहुतेक जण नोकरी करणारे, दोघं-तिघं विद्यापीठात शिकणारे. यंदा सोफोक्लीसचं ईडिपस राजा करायचं ठरलंय. मी योकास्टा करतेय, ईडिपसची बायको, जी शेवटी त्याची आईच निघते. तालमी संध्याकाळी सातनंतर, एका शाळेच्या हॉलमध्ये. वाचनं झाली, आता नाटक उभं करायला घेतलंय आणि रोज वाद होतायत.

पहिला वाद कोरसचा, म्हणजे रंगमंचावरच्या गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाचा. दिग्दर्शक म्हणतात, कोरस काढू आणि एक निवेदक ठेवू. त्यांची कारणं खोटी नाहीत. माणसं कमी, वेळ कमी, आणि आठ-दहा जण एका सुरात बोलायला लागले की ऐकवत नाही. दुसरा वाद मुखवट्यांचा. एका सभासदाने इंटरनेटवरची चित्रं बघून तोंड वासलेले मोठाले मुखवटे केलेत, सोबत वीतभर उंच तळव्यांचे बूट. ते चढवून मला एक वाक्य नीट बोलता येत नाही. तिसरं माझंच. योकास्टा नाटक संपायच्या बरीच आधी आत जाते, आत गळफास घेते, आणि ते एक सेवक बाहेर येऊन सांगतो. दिग्दर्शकांना हा प्रसंग लाल प्रकाशात, पडद्यावर सावली पाडून दाखवायचाय. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

मला एवढंच विचारायचंय की हे सगळं त्या काळी तसं का होतं? साधनं नव्हती म्हणून, की त्यातच नाटक होतं? साधनं नव्हती एवढंच कारण असेल तर आम्ही बदलू. पण दुसरं काही असेल तर मला ते समजून घेऊन तालमीत मांडायचंय.

जागेबद्दलही सुचवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हापासून आमच्यात उघड्यावर प्रयोग करायची चर्चा चाललीय.


बिंदू_चौक

माझं मत दिग्दर्शकांच्या बाजूचं आहे. कोरस त्या शहराचा, त्या देवाचा, त्या उत्सवाचा होता. आपल्या प्रेक्षकाला झ्यूस आणि अपोलोची स्तोत्रं ऐकून काय वाटणार? ईडिपसची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते. एका माणसाने खुन्याचा शोध लावला आणि खुनी तोच निघाला, याला पंधरा जणांची साथ लागत नाही. तुमच्याकडे चांगला ईडिपस आणि चांगली योकास्टा असेल तर त्या दोघांवर जोर द्या. मुखवटे तर मुळीच नको. तुमच्या डोळ्यांतलं काही दिसलंच नाही तर आम्ही बघायला कशाला यायचं?


विंगेतला

ताई, कोरस कापू नका. दिग्दर्शकांना नमस्कार सांगा आणि हे त्यांनाही वाचायला द्या.

मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. वह्या मिटल्या की तालमीला जायचो, आणि माझं काम विंगेत पुस्तक धरून उभं राहायचं. दुकानात एक सवय लागली की कुठलाही व्यवहार समजून घ्यायचा तर आधी त्यात पैसा कोणी घातला आणि कशावर घातला ते बघायचं. ग्रीक नाटकं वाचायला लागलो तेव्हा ती सवय फार उपयोगी पडली.

अथेन्समध्ये शोकांतिका रोज होत नसत. डायोनिसस देवाचा मोठा उत्सव वसंतात यायचा. त्यात तीन नाटककारांची स्पर्धा असे, आणि प्रत्येकाने एका दिवसात तीन शोकांतिका आणि वर सॅटिरांचं, म्हणजे डायोनिससच्या अर्ध्या-जनावर सोबत्यांचं, एक मोकळं नाटक, असा चार नाटकांचा संच सादर करायचा. नाटककार आर्कोन नावाच्या अधिकाऱ्याकडे जायचा आणि त्याच्याकडे मागायचा काय, तर कोरस. आर्कोनने कोरस मंजूर केला म्हणजे नाटक लागलं. प्रमुख नटांचा मोबदला शहर देई. कोरसचा खर्च मात्र शहरातल्या एका धनवान नागरिकावर टाकला जाई. त्याला कोरेगोस म्हणत. शिकवणाऱ्याचा पगार, तालमीची जागा, वेषभूषा, महिनोन्‌महिने माणसांचं खाणंपिणं, सगळं त्याच्या खिशातून. लढाऊ जहाज चालवायचा खर्चही अथेन्स असाच श्रीमंतांकडून करून घेई. म्हणजे शहराच्या लेखी आरमार आणि कोरस एकाच रकान्यात होते.

आता आकडा सांगतो. लिसियासने लिहिलेलं कोर्टातलं एक भाषण शिल्लक आहे. त्यात आरोपी आपण शहरासाठी काय काय खर्च केला ते ओळीने वाचतो. इ.स.पू. ४११-४१० चं साल, स्पार्टाशी युद्ध चालू. त्याने शोकांतिकेच्या कोरसवर घातले ३० मिना, म्हणजे ३००० द्राख्मा. त्या काळात कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. एका कारागिराची आठ वर्षांची कमाई, एका दिवसाच्या नाटकांसाठी, ऐन युद्धात! आणि नावनिशी सांगायचं तर ईस्किलसच्या पर्शियन्स या नाटकाचा कोरेगोस होता तरुण पेरिक्लीस, जो पुढं शहराचा मोठा पुढारी झाला, इ.स.पू. ४७२ मध्ये. आज हातात असलेल्या शोकांतिकांतली ती सगळ्यात जुनी. कोरसमध्ये उभी राहणारी माणसं नागरिक असत, आणि तालमीच्या काळात त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे. शोभेच्या गोष्टीवर कुठलंही शहर एवढं घालवत नाही.

कारण शोकांतिका कोरसमधूनच निघाली. ॲरिस्टॉटल सांगतो की डायोनिससची स्तोत्रं गाणारे जे समूह असत त्यांच्या म्होरक्यांपासून ती सुरू झाली. परंपरेने थेस्पिसचं नाव घेतलं जातं आणि साल सांगतात इ.स.पू. ५३४ च्या आसपासचं. ॲरिस्टॉटल त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा बारकाव्यांवर फार भार टाकू नये. पण क्रम स्पष्ट आहे. आधी गाणारा, नाचणारा समूह. त्याला उत्तर देणारा एक माणूस वेगळा झाला. ईस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. त्याच सोफोक्लीसने कोरस बारावरून पंधरावर नेला, असंही सांगतात. ज्याने नट वाढवले त्यानेच कोरसही वाढवला, कमी केला नाही. हे तुमच्या दिग्दर्शकांना जरूर सांगा.

आता तुमच्या नाटकाकडे येतो. अपोलोचा कौल घेऊन योकास्टाचा भाऊ क्रेऑन परत येतो आणि ईडिपसला विचारतो, इथंच सांगू की आत जाऊ या? समोर याचक बसलेत. ईडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर बोल. माझ्या मते त्याचा सर्वनाश तिथं ठरतो. त्याने चौकशी चारचौघांत सुरू केली, आता ती चारचौघांतच संपणार. थोड्याच वेळात ईडिपसच्या शहराचे, थीब्जचे, वडीलधारे म्हणजे कोरस रिंगणात येतो आणि मग शेवटपर्यंत तिथून हलत नाही. ताई, तुमचा तो प्रसंग काढा, तुमच्या पहिल्या नवऱ्याला, लायस राजाला, तीन वाटा मिळतात तिथं मारलं हे तुम्ही सहज बोलून जाता आणि ईडिपस दचकतो. नवरा-बायकोचं इतकं आतलं बोलणं पंधरा म्हाताऱ्यांच्या देखत चाललंय. त्यातला प्रत्येक जण ते ऐकतोय. शहरात साथ आहे, त्यांची माणसं मरतायत, आणि राजावर त्यांचा जीव आहे. कोरस काढला तर उरेल एका खोलीतलं नवरा-बायकोचं बोलणं. बिंदू चौकांना जी गोष्ट स्वतःच्या पायावर उभी वाटते ती एका शहराची गोष्ट आहे.

राहिलं एका सुरात बोलण्याचं. तसं करू नका, त्यांनीही बहुधा तसं केलं नसावं. संवादात बोलायचा तो कोरसचा म्होरक्या, एकटा. दोन प्रसंगांच्या मधली पदं सगळे मिळून गात आणि नाचत. साथीला औलोस, सनईच्या जातीचं दोन नळ्यांचं वाद्य. तेव्हा पाच-सहा जण घ्या. बोलणं एकाकडे द्या, पदं चालीत बांधा, पावलं ठरवा. सहा माणसांत शहर उभं राहतं.


संबळ

आमच्या घरात गोंधळाची परंपरा आहे, त्या बाजूने लिहितो.

विंगेतल्या काकांनी तो एक माणूस वेगळा झाला असं लिहिलंय ते मी रोज बघितलंय. लग्नानंतर आपल्याकडे गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ-तुणतुणं सुरू होतं, गावोगावच्या देवांना गोंधळाला या म्हणून बोलावणं जातं, त्यात आमची अंबाबाई, जोतिबा. मग नाईक आख्यान लावतो. पहिल्यांदा तो राजाबद्दल सांगत असतो. साथीदार मधे प्रश्न टाकतो, मग राजाने काय केलं? आणि एका क्षणी नाईक सांगायचं सोडतो आणि राजा म्हणून बोलायला लागतो. वेश नाही, पडदा नाही. नुसती मान फिरते, आवाज बदलतो. समोर बसलेल्या आज्या लगेच त्याच्याकडे राजा म्हणून बघायला लागतात.

ग्रीकांचं आपल्याकडं आलं की आपलं त्यांच्याकडं गेलं, असल्या वादात मला पडायचं नाही. तसा काही पुरावा माझ्या वाचनात नाही आणि त्याची गरजही नाही. पण ताई, तुमच्या गटाला कोरस कळत नसेल तर एक रात्र गोंधळाला बसवा. सांगणाऱ्याला विचारणारा कोणीतरी लागतो. साथीदार गप्प बसला तर नाईकाला आख्यान पुढं नेता येत नाही, हे स्वतःच्या कानाने ऐकल्यावर कोरस कापा म्हणणार नाहीत.

एक प्रश्न काकांना. डायोनिससच्या उत्सवात डायोनिससची आख्यानं सोडून ईडिपस, मेडिया अशा राजे-राण्यांच्या गोष्टी का?


विंगेतला

संबळ, डायोनिससचीही होती. युरिपिडीसचं बाखाय त्याच्यावरच आहे. पण उत्सव देवाचा म्हणून गोष्ट त्याच देवाची, असा नियम नव्हता.

ताज्या घटनेवर नाटक करून बघितलं होतं. इराण्यांनी इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस हे ग्रीक शहर लुटलं, ते अथेन्सच्या नात्यातलं. फ्रिनिकसने त्यावर शोकांतिका लिहिली. हेरोडोटस सांगतो की सगळं प्रेक्षागृह रडलं, आणि लोकांना त्यांचंच दुःख आठवून दिलं म्हणून शहराने फ्रिनिकसला १००० द्राख्मा दंड केला. ते नाटक पुन्हा कोणी करायचं नाही असाही हुकूम निघाला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. जखम अगदी ताजी असली तर माणूस नुसता रडतो, विचार करू शकत नाही. पर्शियन्स हेसुद्धा ताज्या युद्धावरचं, पण ईस्किलसने ते शत्रूच्या राजवाड्यात नेऊन ठेवलं. कोरस इराणी म्हाताऱ्यांचा. ज्यांनी त्या लढाईत भाऊ गमावले ते अथेन्सवाले शत्रूच्या आयांचं रडणं ऐकत बसले. बाकी बहुतेक वेळा अंतर जुन्या कथेने मिळतं. थीब्ज दुसरं शहर, ईडिपस कधीकाळचा राजा. तेवढं लांब गेल्यावर माणूस स्वतःच्या शहराकडे बघू शकतो.


सातवी_गल्ली

काका, तुमचं सगळं काल तालमीत वाचून दाखवलं. क्रेऑनच्या त्या प्रश्नावर दिग्दर्शक बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले सहा जणांचा कोरस करून बघू. तेव्हा तेवढं ठरलंय.

आता माझं राहिलं. योकास्टा गेल्यावर मी विंगेत बसून असते. पुढं मेंढपाळ येतो, मग तो सेवक येतो, माझं मरण सांगतो, आणि मी आतून ऐकत असते. तीन नटांच्या नियमात ही भूमिका करणाऱ्याचं काय व्हायचं? आणि मुखवट्याबद्दल लिहा.


विंगेतला

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. या नाटकातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट यातच आहे, आणि ती छापील पुस्तकात दिसत नाही. कोण कधी आत, कोण कधी बाहेर हे कागदावर मांडलं की दिसते.

बोलणारे नट तीन. मुके लागतील तेवढे. भूमिका जास्त, म्हणून एकेका नटाने मुखवटे बदलून दोन-तीन भूमिका करायच्या. आता बघा. कोरिंथहून निरोप्या आलाय. रंगमंचावर ईडिपस, निरोप्या आणि योकास्टा. तीन नट झाले. निरोप्या सांगतो, तू कोरिंथच्या राजाचा मुलगा नाहीस, तुला एका मेंढपाळाने माझ्या हातात दिलं. योकास्टाला सगळं कळतं. ती ईडिपसला विनवते, शोध थांबव. तो ऐकत नाही, ती आत जाते. मग ईडिपसचं थोडं बोलणं, कोरसचं एक छोटं पद. आणि म्हातारा मेंढपाळ येतो. या वेळी रंगमंचावर कोण आहे? ईडिपस आहेच, तो हललेला नाही. निरोप्याही आहे, तो मेंढपाळाशी बोलतो. तिसरा नट एकच मोकळा आहे, नुकताच आत गेलेला. म्हणजे योकास्टाचाच नट मुखवटा बदलून मेंढपाळ होऊन बाहेर आला पाहिजे. दुसरा मार्ग नाही.

आता त्या मेंढपाळाला ईडिपस काय विचारतो ते वाचा. मूल तुला कोणी दिलं? तिनेच? तो सांगतो, हो महाराज. मूल मारायला आईने ज्याच्या हातात दिलं तो माणूस हे सांगतोय, आणि तो आवाज मघाशी आईचा होता. प्रेक्षकांना तो आवाज ओळखू येत असणार. लोक नटांना आवाजावरूनच ओळखत. इ.स.पू. ४४९ च्या सुमारास शोकांतिकेतल्या नटासाठी वेगळं बक्षीसही सुरू झालं होतं. तेव्हा ताई, विंगेत बसू नका. मेंढपाळ तुम्ही करा. दिग्दर्शकांना पटलं तर सेवकाचं भाषणही तुम्हीच घ्या, त्यालाही अडचण काही नाही. स्वतःचं मरण स्वतः सांगायचं. ती अंतःपुरात धावत गेली, दोन्ही हातांनी केस उपटले, दारं लावून घेतली, मेलेल्या लायसला हाका मारल्या. मग ईडिपस दार फोडून आत गेला, त्याने तिला खाली उतरवलं, तिच्या वस्त्रावरच्या पिना काढल्या आणि डोळ्यांत खुपसल्या. सेवक म्हणतो, सगळं मला बघता आलं नाही, कारण ईडिपस ओरडत आत शिरला आणि आमचे डोळे त्याच्याकडे वळले. ज्याने पाहिलं त्यालाही सगळं दिसलेलं नाही. लाल प्रकाशातली सावली याच्यापुढं काय दाखवणार? ती दाखवाल तर प्रेक्षक सावलीकडे बघतील, आणि डोळे फोडून घेतलेल्या माणसाची गोष्ट ऐकायची राहील.

मरण समोर दाखवायला बंदी होती असं मात्र लिहू नका, पुष्कळ ठिकाणी तसं छापलेलं असतं. सोफोक्लीसचाच एजॅक्स तलवारीवर पडतो आणि तो प्रेक्षकांसमोरच पडत असावा असं अनेक अभ्यासक मानतात. बंदी नव्हती, पण आत घडू द्यायचं आणि बाहेर सांगायचं ही पद्धत बसली होती. कारण आत जे घडतं त्याला कोरस तोंड देतो. युरिपिडीसच्या मेडियात आई आत स्वतःच्या मुलांना मारते, बाहेर त्यांच्या किंकाळ्या येतात. कोरसमधल्या बायका म्हणतात, आत जाऊ या का? आणि जात नाहीत. त्यांना बेत आधीपासून माहीत होता आणि त्यांनी गप्प राहायचं कबूल केलं होतं. ते दारापुढचं उभं राहणं मला कुठल्याही दाखवलेल्या खुनापेक्षा भयंकर वाटतं.

मुखवट्याचं थोडक्यात. तोंड वासलेले मुखवटे आणि उंच तळव्यांचे बूट पुढच्या काळातले, सोफोक्लीसच्या अथेन्समधले नव्हेत. इ.स.पू. पाचव्या शतकातला मुखवटा हलका, ताठ केलेल्या कापडाचा वगैरे, केसांसकट सगळं डोकं झाकणारा. एकही शिल्लक नाही, सगळे नाशवंत जिनसांचे. पण इ.स.पू. ४०० च्या सुमाराचं एक मोठं भांडं नेपल्सच्या संग्रहालयात आहे, त्याला प्रोनोमोसचं भांडं म्हणतात. त्यावर नट हातात मुखवटे धरून उभे आहेत. चेहरे साधे, तोंड बोलण्यापुरतं उघडं. पायात मऊ बूट.

बिंदू चौकांनी डोळ्यांचं विचारलंय. ज्या प्रेक्षागृहात शेवटचा माणूस शंभर पावलांवर बसलाय तिथं डोळे कोणालाच दिसत नाहीत. दिसतं ते खांदे, मान, चालणं, आणि ऐकू येतो आवाज. मुखवटा रडत नाही, म्हणून मान किती खाली गेली याला महत्त्व येतं. म्हणूनच एक नट राणी आणि मेंढपाळ दोन्ही होऊ शकतो. सगळे नट पुरुष असत, ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. केशवराव भोसले स्वतः स्त्रीभूमिका करत. मुखवटे करायचेच असतील तर पहिल्या तालमीपासून घाला. आदल्या दिवशी आणलेला मुखवटा नटाच्या अंगात भिनत नाही.


तांबडी_माती

माझं नाटकाचं वाचन काय नाही, पण जागेचं बोलतो. खासबाग मैदानात ल्हानपणापास्नं कुस्त्या बघतोय. मधी तांबड्या मातीचा हौदा, भवतीनं चढती बैठक, लांब बसलेल्यालाबी पट काढलेला नीट दिसतोय. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेलेले, तवा रोमातलं मैदान बघून त्यांनी ही कल्पना आणली असं आमच्याकडं सांगत्यात. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, तेबी महाराजांनीच बांधलेलं. मग ह्ये नाटक खासबागेत का नको?


विंगेतला

तांबडी माती, जागा मला जिवाभावाची आहे, पण या नाटकाला ती अडेल. रोममधलं मैदान झुंजींसाठी बांधलेलं, म्हणून लंबगोल आणि चहूबाजूंनी बैठक. कुस्तीला पाठ नसते, चारी बाजूंनी बघायची. ग्रीक प्रेक्षागृहात बैठक अर्ध्या वर्तुळापेक्षा थोडी जास्त असते आणि पुढची बाजू मोकळी. तिथं एक इमारत, तिला एक मोठं दार. ईस्किलसची ओरेस्तिया, इ.स.पू. ४५८, ही त्या दाराशिवाय होऊच शकत नाही. तुमच्या ईडिपसमध्येही सगळं त्या दाराशी चाललंय. योकास्टा त्यातून शेवटची आत जाते, आंधळा राजा त्यातूनच बाहेर येतो. खासबागेत ते दार कुठं लावणार?

फोटोत लोक एपिडॉरसचं प्रेक्षागृह दाखवतात, ५५ ओळी, १४ हजारांच्या आसपास माणूस. सुंदर आहे, पण सोफोक्लीसच्या नंतरचं. सोफोक्लीसच्या काळात अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लाकडी बाकं होती. दगडी काम पुढच्या शतकातलं. रिंगण गोल होतं की चौकोनी यावरही अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे तुम्हाला लागतो तो एक उतार, खाली सपाट जागा, मागे दार असलेली भिंत आणि दोन्ही बाजूंनी यायच्या वाटा. कोरस त्या वाटांनी येतो.

आणि प्रयोग उजेडात करा. ते पहाटेपासून बसत. ओरेस्तियातलं पहिलं नाटक ॲगमेम्नॉन, त्याच्या सुरुवातीला छपरावरचा पहारेकरी रात्र सरायची वाट बघतो.


सातवी_गल्ली

शाळेच्या मागे मैदान आहे. एका बाजूला पायऱ्या, समोर वर्गांची भिंत आणि त्यात एक दार. आम्ही रोज त्याच दाराने ये-जा करतो आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना विचारलंय, रविवारी सकाळी वापरा म्हणाल्या.

मेंढपाळ मी करणार. दिग्दर्शक सेवकाच्या भाषणाबद्दल अजून विचार करतायत, पण लाल प्रकाशाचा बेत त्यांनी स्वतःच काढून टाकला, उजेडात प्रयोग म्हटल्यावर तो प्रश्नच राहिला नाही. उंच बूट गेले. मुखवटे कापडाचे नव्याने करतोय.

आमच्यातल्या एकाला चिंता लागलीय की स्पर्धेत परीक्षकांना हे चालेल का.


विंगेतला

अथेन्समध्येही दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडत आणि त्यातल्या फक्त पाचांची मतं काढत. ज्या वर्षी ईडिपस सादर झालं त्या वर्षी पहिलं बक्षीस फिलोक्लीसला गेलं. त्याच्या नाटकांतलं एकही आज आपल्या हातात नाही. मेडियाला तिसरं मिळालं होतं, तिघांत. परीक्षकांचा विचार प्रयोगाच्या दिवशी करा, तालमीत नको.


सातवी_गल्ली

संबळ दादा, कोरसच्या पदांना चाल बांधायला रविवारी सकाळी येता का? सनईवाला अजून मिळाला नाही.


संबळ

येतो. पण पहिल्या दिवशी संबळ आणणार नाही, तुणतुणं आणतो. सहा जणांच्या आवाजावर संबळ पडला तर शब्द ऐकू येणार नाहीत, आणि तुमच्या म्हाताऱ्यांचे शब्द ऐकू आले पाहिजेत. पदांचे कागद आधी पाठवा, मी ओळी मोजून बघतो.